एकल व्यवसायाची मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा

एकल व्यवसाय म्हणजे एकाच व्यक्तीच्या मालकीचा, तिच्याच भांडवलावर व निर्णयावर चालणारा आणि नफा-तोट्याची संपूर्ण जबाबदारी तिच्यावरच असणारा व्यवसाय होय. वाणिज्यशास्त्रात त्याला एकल व्यापारी संस्था किंवा एकल मालकी संस्था असेही म्हणतात. किराणा दुकानदार, शिंपी, छायाचित्रकार, गृहोद्योग चालवणाऱ्या महिला, सुटे भाग बनवणारे कारागीर आणि स्वतंत्रपणे काम करणारे संगणक-व्यावसायिक यांचा त्यात समावेश होतो. भांडवल, खरेदीची ताकद व जाहिरात या तिन्ही बाबतींत मोठ्या कंपन्यांचे पारडे जड असते. तरीही अनेक क्षेत्रांत एकल व्यवसाय टिकून राहतात आणि क्वचित मोठ्या कंपन्यांना मागेही टाकतात. अशा व्यवसायांच्या इतिहासातून असे दिसते, की मोठा आकार हाच जेथे अडथळा ठरतो, तेथे एकट्या व्यावसायिकाला वाव मिळतो. प्रस्तुत लेखात या स्पर्धेचा विचार मुख्यतः भारताच्या संदर्भात केला आहे.

स्वरूप

भारतीय कायद्यात एकल व्यवसायाला मालकापासून वेगळे अस्तित्व नाही. व्यवसायाचा प्राप्तिकर मालकाच्याच पॅन क्रमांकावर भरला जातो आणि व्यवसायाच्या कर्जापोटी मालकाच्या खासगी मालमत्तेवरही टाच येऊ शकते. या जबाबदारीला अमर्यादित दायित्व म्हणतात. ज्यांना एकट्याची मालकी राखून हे दायित्व मर्यादित करायचे असते, त्यांच्यासाठी कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये ‘एक व्यक्ती कंपनी’ हा प्रकार आणला गेला. त्याची शिफारस डॉ. जे. जे. इराणी समितीने २००५ मध्ये केली होती. सुरुवातीला अशा कंपनीचे भरणा झालेले भांडवल ५० लाख रुपयांपेक्षा किंवा सरासरी वार्षिक उलाढाल २ कोटी रुपयांपेक्षा अधिक झाल्यास तिचे रूपांतर अन्य प्रकारच्या कंपनीत करणे बंधनकारक होते. १ एप्रिल २०२१ पासून ही अट काढून टाकण्यात आली.

आकाराच्या दृष्टीने बहुतेक एकल व्यवसाय ‘सूक्ष्म उद्योग’ या गटात मोडतात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म मानला जातो. त्यापूर्वी या मर्यादा अनुक्रमे १ कोटी व ५ कोटी रुपये होत्या. अशा उद्योगांची नोंदणी १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या साहाय्याने विनाशुल्क होते.

आकाराचे लाभ आणि तोटे

मोठ्या कंपनीचे सामर्थ्य प्रामुख्याने मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या काटकसरीतून येते. यंत्रसामग्री, संशोधन, जाहिरात व व्यवस्थापन यांचा स्थिर खर्च लक्षावधी नगांवर विभागला गेला, की प्रत्येक नगामागे तो अत्यल्प राहतो. कच्चा माल घाऊक खरेदी केल्याने सूट मिळते, कर्ज कमी व्याजाने मिळते आणि एखाद्या शहरात वर्षभर तोटा झाला तरी दुसऱ्या शहरातील नफ्यातून तो भरून काढता येतो. एकट्या व्यावसायिकाजवळ यांपैकी काहीही नसते.

मात्र आकार वाढतो तसा समन्वयाचा खर्चही वाढतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये ‘द नेचर ऑफ द फर्म’ या निबंधात दाखवले, की एखादे काम संस्थेच्या आत करून घेणे बाजारातून करून घेण्यापेक्षा स्वस्त असेल तोवरच संस्था वाढते. त्या मर्यादेपलीकडे अंतर्गत व्यवस्थापन महाग पडू लागते. एडिथ पेनरोझ यांनी १९५९ च्या ‘द थिअरी ऑफ द ग्रोथ ऑफ द फर्म’ या ग्रंथात लहान व्यवसायांच्या टिकून राहण्याचे कारण अधिक नेमकेपणाने मांडले. मोठ्या कंपन्यांची व्यवस्थापन-शक्ती मर्यादित असते, त्यामुळे वाढत्या अर्थव्यवस्थेतील सर्व संधी त्या एकाच वेळी घेऊ शकत नाहीत. त्यांनी सोडून दिलेल्या संधी म्हणजे जणू दोन मोठ्या शिळांमधल्या फटी असून लहान व्यवसाय त्या फटींत वाढतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मोठ्या कंपनीला आणखी एक अडचण असते. तिचा स्वतःचा प्रस्थापित माल हीच तिच्या पायातील बेडी ठरू शकते. नवख्या स्पर्धकाशी बरोबरी करण्यासाठी तिने किंमत उतरवली, तर आधीपासून अधिक किंमत देत असलेल्या ग्राहकांकडून मिळणारा नफाही तिला गमवावा लागतो. नवख्याला असे गमावण्यासारखे काही नसते.

स्पर्धेचे मार्ग

मर्यादित बाजारपेठ: एखाद्या मालाची एकूण मागणी इतकी थोडी असते, की तिच्यासाठी वेगळा विभाग चालवणे मोठ्या कंपनीला परवडत नाही. जुन्या यंत्रांचे सुटे भाग, मापाचे कपडे, विशिष्ट पथ्याचे खाद्यपदार्थ, वाद्यांची दुरुस्ती ही अशा बाजारपेठांची उदाहरणे होत. मिरजेतील सतार व तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांचा व्यवसाय याच प्रकारचा आहे. वादकाच्या सुरानुसार जवारी काढून देणे हे काम कारखान्याच्या साच्यात बसत नाही.

ओळख व उधारी: किराणा दुकानदाराला ग्राहकाचे घर, महिन्याची यादी आणि पगाराची तारीख ठाऊक असते. त्या ओळखीवर तो उधारीच्या वहीत रक्कम मांडून माल देतो, पावशेर साखर किंवा दहा रुपयांचे तेल सुटे विकतो आणि सामान घरपोच करतो. बँक ज्या माहितीसाठी कागदपत्रे मागते, ती माहिती त्याला रोजच्या संबंधातून मिळते. मोठ्या विक्री-साखळीला सवलतीच्या दरात माल विकता येतो. पण ज्या कुटुंबाचे उत्पन्न अनियमित आहे, त्याला सवलतीपेक्षा महिनाअखेरीची उधारी अधिक मोलाची वाटते. उधारी बुडण्याचा धोका मात्र दुकानदाराला एकट्यालाच सोसावा लागतो.

अल्प स्थिर खर्च: स्वतःची जागा, कुटुंबाचे श्रम आणि मर्यादित साठा यांमुळे एकल व्यवसाय थोड्या विक्रीवरही तग धरतो. या काटकसरीत एक हिशेबी चूक दडलेली असते. मालक स्वतःच्या श्रमाचे वेतन आणि स्वतःच्या जागेचे भाडे खर्चात धरत नसेल, तर कागदावर दिसणारा नफा हा प्रत्यक्षात त्याचाच न घेतलेला पगार असू शकतो. अर्थशास्त्रात याला अंतर्भूत खर्च म्हणतात. स्वस्तात विकण्याचे धोरण ठरवताना तो वगळल्यास व्यवसाय चालू राहूनही मालक गरीब होत जातो.

निर्णयाचा वेग: एकल व्यवसायात ग्राहकाची तक्रार ऐकणारा आणि मालात बदल करणारा माणूस एकच असतो. मोठ्या कंपनीत जो बदल विक्री, उत्पादन व वित्त या विभागांच्या संमतीने होतो, तो येथे दुसऱ्या दिवशी अमलात येऊ शकतो.

सामायिक साधने: पूर्वी केवळ मोठ्या कंपन्यांना परवडणारी काही साधने आता सार्वजनिक स्वरूपात उपलब्ध आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीमुळे पैसे स्वीकारण्यासाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज उरली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’वर लहान पुरवठादारही सरकारी खात्यांना माल देऊ शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या संस्थेचा उद्देश ऑनलाइन व्यापार एखाद-दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळापुरता मर्यादित राहू नये, हा आहे.

समूहाचा आधार: ॲल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये दाखवून दिले, की एकाच भागात एकवटलेल्या लहान उद्योगांना कुशल कामगार, पूरक धंदे व व्यवसायाचे ज्ञान यांचा सामायिक लाभ मिळतो. कोल्हापूरच्या फाउंड्री आणि इचलकरंजीचे यंत्रमाग ही महाराष्ट्रातील उदाहरणे आहेत. इचलकरंजीत सूत व्यापारी, सायझिंग, विणकाम व कापड विक्री ही कामे वेगवेगळ्या व्यावसायिकांत वाटलेली असल्याने मोजके माग असलेली व्यक्तीही विणकामात उतरू शकते. अशा मागधारकांपैकी जे दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात, त्यांना तेथे ‘खर्चीवाले’ म्हणतात. त्यांना सुताच्या भावातील चढउतारापासून काहीसे संरक्षण मिळते. परंतु मजुरीचा दर काम देणारा व्यापारी ठरवत असल्याने त्यांची स्वायत्तता मर्यादित राहते.

निरमाचे उदाहरण

एकट्याने सुरू केलेल्या व्यवसायाने मोठ्या कंपनीला आव्हान दिल्याचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे निरमा ही धुण्याची पावडर होय. रसायनशास्त्राचे पदवीधर करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या भूविज्ञान व खनिकर्म विभागाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. १९६९ मध्ये त्यांनी अहमदाबादेत घरच्या आवारात पावडर तयार करून ती सायकलवरून दारोदार विकण्यास सुरुवात केली. मुलगी निरुपमा हिच्या नावावरून त्यांनी मालाला नाव दिले.

त्या वेळी बाजारावर हिंदुस्तान लिव्हरच्या ‘सर्फ’चे वर्चस्व होते. १९५९ मध्ये भारतात आलेली सर्फ किलोला सुमारे १३ रुपयांना, तर निरमा सुमारे ३ रुपयांना मिळत असे. या फरकामागे अनेक कारणे होती. निरमाचे घटक साधे व स्वस्त होते आणि त्यांत सोडा ॲशचा वाटा मोठा होता. मिश्रण यंत्रशक्तीविना हाताने होत असल्याने उत्पादन शुल्कात सवलत मिळे. संशोधन विभाग, मोठे कार्यालय किंवा पगारी विक्रेत्यांचा ताफा नव्हता. वेष्टणही साधे होते.

मात्र निरमाचा खरा ग्राहक सर्फ वापरणारा नव्हता. वडीच्या साबणाने किंवा नुसत्या सोड्याने कपडे धुणाऱ्या आणि पावडर हा श्रीमंतांचा माल समजणाऱ्या कुटुंबांपर्यंत ती पोहोचली. त्यामुळे आरंभीच्या काळात प्रस्थापित कंपनीला तिच्यापासून धोका जाणवला नाही. जेव्हा तो जाणवला, तेव्हा सर्फची किंमत निरमाएवढी उतरवणे तोट्याचे ठरले असते. सर्फच्या जाहिरातींतून ललिताजी या व्यक्तिरेखेने स्वस्त माल आणि चांगला माल यांतील फरक गृहिणींना समजावून सांगितला. दुसरीकडे पांढऱ्या झग्यातील मुलीचे चित्र आणि जाहिरातगीत यांमुळे निरमाही रेडिओ व दूरदर्शनद्वारे घरोघरी पोहोचली.

अखेर हिंदुस्तान लिव्हरने निरमाची वाढ रोखण्यासाठी ‘स्टिंग’ या सांकेतिक नावाची स्वतंत्र योजना आखली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘व्हील’ हा स्वस्त माल बाजारात आणला. त्यासाठी सर्फपेक्षा निराळी उत्पादन व वितरण व्यवस्था उभारण्यात आली. पुढे व्हीलने विक्रीत निरमाला मागे टाकले. सी. के. प्रल्हाद व स्टुअर्ट हार्ट यांनी अल्पउत्पन्न गटाच्या बाजारपेठेविषयी २००२ मध्ये लिहिलेल्या लेखात या स्पर्धेचा दाखला दिला आहे.

या उदाहरणाच्या दोन बाजू विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली म्हणजे मालाच्या दर्जाची. निरमाच्या सुरुवातीच्या पावडरीत हाताच्या त्वचेचे रक्षण करणारे घटक नसल्याने ती हातांना तीव्र वाटे, अशी टीका झाली. दुसरी बाजू आकाराची. यश टिकवण्यासाठी निरमाला स्वतःच मोठी कंपनी व्हावे लागले. तिने कच्च्या मालाचे कारखाने उभारले, साबणाच्या व्यवसायात प्रवेश केला आणि २०१६ मध्ये लाफार्ज कंपनीचा भारतातील सिमेंट व्यवसाय विकत घेतला. पटेल यांना २०१० मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. आरंभीच्या अल्प खर्चाच्या लाभामुळे बाजारात प्रवेश मिळाला. परंतु प्रतिस्पर्ध्याने तीच पद्धत आत्मसात केल्यावर केवळ तो लाभ पुरेसा ठरला नाही.

नाव व वारशाचे संरक्षण: कोल्हापुरी चप्पल

एकट्या कारागिराला स्वतःचे व्यापारचिन्ह देशभर रुजवणे शक्य नसते. अशा वेळी भौगोलिक मानांकन हे सामूहिक चिन्ह उपयोगी पडते. यासंबंधीचा १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये हे मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्र व कर्नाटकातील निश्चित जिल्ह्यांतील कारागिरांसाठी आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेशी साम्य असणारी पादत्राणे सादर केली आणि त्यांच्या मूळ स्थानाचा उल्लेख केला नाही. त्यावर भारतातून टीका झाल्यानंतर, ती रचना भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरित असल्याचे कंपनीने मान्य केले. भारतीय मानांकनाचा अंमल भारताबाहेर आपोआप होत नाही आणि ते प्रामुख्याने नावाच्या वापराला संरक्षण देते. केवळ आकृतीची नक्कल त्यामुळे थांबतेच असे नाही. म्हणूनच असे मानांकन कारागिराला ओळख देते, पण बाजारपेठ मिळवून देण्याचे काम उरतेच.

कायदेशीर तरतुदी

थकीत देयके: लहान पुरवठादार अनेकदा ग्राहक न मिळाल्यामुळे नव्हे, तर मोठ्या ग्राहकाने पैसे वेळेवर न दिल्यामुळे बंद पडतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, परंतु जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज देय होते. बँक दर ६ टक्के धरल्यास व्याजाचा वार्षिक दर १८ टक्के होतो आणि १ लाख रुपये तीन महिने थकल्यास व्याज सुमारे ४,५६८ रुपये होते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. परिषदेच्या निर्णयाला आव्हान द्यायचे असल्यास खरेदीदाराला निर्णयातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते.

२०२३ च्या वित्त कायद्याने यास करकायद्याची जोड दिली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. मात्र कायद्याचा आधार घेणारा पुरवठादार पुढील मागणी गमावण्याच्या भीतीने बहुधा तक्रार करत नाही, ही या तरतुदींची व्यावहारिक मर्यादा आहे. तसेच किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी करता येत असली, तरी तिचा लाभ त्यांना केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता मिळतो.

सरकारी खरेदी: २०१२ च्या आदेशानुसार आखलेल्या व नंतर सुधारलेल्या धोरणान्वये केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी लागते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा आहे.

वस्तू व सेवा कर: दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापारी व उत्पादकांना बहुतेक राज्यांत आपसमेळ योजनेचा पर्याय असतो. त्यात १ टक्का दराने कर भरावा लागतो आणि हिशेबाचे काम कमी होते. परंतु असा विक्रेता ग्राहकाकडून कर वसूल करू शकत नाही, परराज्यात माल विकू शकत नाही आणि त्याच्याकडून खरेदी करणाऱ्या कंपनीला कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे थेट घरगुती ग्राहकाला विकणाऱ्यास ही योजना सोयीची, तर मोठ्या कंपन्यांना पुरवठा करणाऱ्यास अडचणीची ठरते.

राखीव उत्पादने: १९६७ पासून काही वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवले जात असे. एके काळी आठशेहून अधिक वस्तू या यादीत होत्या. उदारीकरणानंतर ती टप्प्याटप्प्याने कमी होत गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तू वगळल्यावर हे धोरण संपुष्टात आले. राखीव उत्पादनांमुळे लहान उद्योगांना संरक्षण मिळाले, पण वाढ केल्यास संरक्षण जाईल या भीतीने अनेकांनी लहानच राहणे पसंत केले, असा आक्षेप अर्थतज्ज्ञांनी घेतला.

स्पर्धा कायदा: प्रतिस्पर्ध्याला संपवण्याच्या हेतूने खर्चापेक्षा कमी किमतीत विक्री करण्यास स्पर्धा अधिनियम, २००२ नुसार मनाई आहे. परंतु ही तरतूद संबंधित बाजारपेठेत वर्चस्व असलेल्या कंपनीलाच लागू होते. वर्चस्व व खर्च या दोन्ही बाबी सिद्ध करणे एकट्या व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने अशा तक्रारी प्रायः व्यापारी संघटनांमार्फत केल्या जातात.

मर्यादा व जोखीम

एकल व्यवसायाची सर्वांत मोठी जोखीम मालकाच्या प्रकृतीशी निगडित असते. तो आजारी पडला, तर उत्पादन, विक्री व वसुली ही तिन्ही कामे एकदम थांबतात. मालकाच्या निधनानंतर व्यवसाय पुढे चालेलच याची खात्री नसते. एक व्यक्ती कंपनीत मात्र वारस-सदस्याचे नाव आधीच नोंदवणे आवश्यक असते.

दुसरी जोखीम अवलंबित्वाची आहे. उत्पन्नाचा बहुतांश भाग एकाच खरेदीदाराकडून येत असेल, तर व्यवसाय कागदोपत्री स्वतंत्र असूनही किंमत व मुदत समोरचा पक्ष ठरवतो. ऑनलाइन विक्रीमंचावर विकणाऱ्याच्या बाबतीत दलालीचा दर, शोधातील क्रम आणि ग्राहकांची माहिती मंचाच्या हाती असते. विक्रीमंचामुळे दूरचा ग्राहक मिळतो. पण त्या ग्राहकाशी थेट संबंध नसल्यास एकल व्यवसायाचे मुख्य बलस्थान असलेली ओळखच नाहीशी होते.

तिसरी मर्यादा वाढीची आहे. मागणी वाढली, की मालकाला मदतनीस, उधार भांडवल आणि लेखी नियम यांची गरज भासते आणि व्यवसायाचे मूळ स्वरूप पालटते. काही व्यावसायिक ही वाढ स्वीकारतात. काही जण मागणी मर्यादित ठेवून किंमत व दर्जा उंचावतात. या दोहोंपैकी कोणता मार्ग योग्य, हे मालकाच्या श्रमाचा पूर्ण मोबदला धरूनही व्यवसायात नफा उरतो किंवा नाही, यावर अवलंबून असते.

हेही पहा

एक व्यक्ती कंपनी
सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग
भौगोलिक मानांकन
निरमा
भागीदारी संस्था